घोड्यांना पाणी पाजायला वेळ आहे का?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या आठव्या श्लोकावर. सुरुवातीलाच एक कबुली देते. हा श्लोक मी कितीतरी वेळा म्हटलाय, मुलांकडून पाठ करून घेतलाय, त्यावर बोललेही आहे. पण तो मला कळला एका मुदत संपलेल्या ड्रायव्हिंग लायसन्समुळे. हसू नका, खरंच!

या श्लोकात भगवंत ‘नियत कर्म’ असा शब्द वापरतात. म्हणजे आपल्या वाट्याला ठरवून आलेलं काम. ते टाळून गप्प बसण्यापेक्षा ते केलेलं बरं, असा एकूण भाव. आणि पुढे ‘शरीरयात्रा’ असा एक सुंदर शब्द येतो. नुसतं जगायचं, देह चालवायचा म्हटलं तरी काम सुटत नाही. मोठमोठ्या गोष्टी सांगता सांगता भगवंत एकदम रोजच्या जगण्यावर येतात. मला आधी वाटायचं, हे अर्जुनासाठी आहे. त्याचं नियत कर्म युद्ध. आपलं काय? आपलं नियत कर्म म्हणजे नोकरी, घर, आईवडील, नामस्मरण. लाईट बिल, इन्शुरन्स, लायसन्स असल्या गोष्टी त्यात मोजायच्या असतात हे काही माझ्या डोक्यात नव्हतं.

तर गोष्ट अशी. माझं लायसन्स जानेवारी 2000 मधलं. नुकतीच अठरा वर्षांची झाले होते आणि बाबांच्या मागे लागून काढलं होतं. त्या वेळी खाजगी गाडीचं लायसन्स वीस वर्षांसाठी किंवा पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. कार्डावर 2020 साल बघून मला तेव्हा हसू आलं होतं. वीस वर्षं! अठराव्या वर्षी वीस वर्षं म्हणजे जवळजवळ कायमचंच की.

डिसेंबर 2019 मध्ये गाडीचा विमा भरताना ती तारीख पुन्हा दिसली. 13 जानेवारी 2020. म्हटलं, बरं झालं दिसलं, पुढच्या आठवड्यात करू. अर्ज तेव्हाही करता आला असता. नव्या कायद्याप्रमाणे मुदत संपायच्या आधी वर्षभरापासून नूतनीकरणाचा अर्ज चालतो. पण जानेवारी म्हणजे आमच्याकडे धामधूम. मुलांचा गीता पाठांतराचा वर्ग, संक्रांतीनंतरची हळदीकुंकवं, सोसायटीतला भजनाचा कार्यक्रम, आणि त्या वर्षी 1 फेब्रुवारीला रथसप्तमी. सूर्यनमस्कार, अंगणात दूध उतू घालणं, रांगोळीत रथ काढणं. सगळं मीच ठरवलं होतं. कुणी आठवण केली की मी सांगायची, ‘अगं, देवाचं काम आहे हातात, आरटीओचं काय, होईल कधीही.’

तेरा जानेवारी गेली. रथसप्तमी गेली. फेब्रुवारी गेला. मी गाडी चालवतच होते. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची, ती 2019 च्या दुरुस्तीत गेली हे मला माहीतही नव्हतं. आणि माहीत असतं तरी मी फार वेगळी वागले असते असं नाही. खोटं कशाला बोलू? रांगोळीत रथ काढून त्याची पूजा केली, आणि खऱ्या रस्त्यावर माझा रथ परवान्याशिवाय धावत होता.

मग मार्च आला. 22 तारखेला जनता कर्फ्यू, 25 पासून देशभर लॉकडाऊन. आरटीओचं कामकाज थांबलं. माझा नवरा कामासाठी बंगळुरूला गेला होता तो तिकडेच अडकला. घरी मी आणि माझी शाळकरी लेक.

मार्चच्या शेवटी बातमी वाचली आणि मी टाळीच वाजवली. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं की कार्यालयं बंद असल्यामुळे ज्यांचं नूतनीकरण राहिलंय त्यांची लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं 30 जून 2020 पर्यंत वैध मानावीत. म्हटलं, बघा, देवाला काळजी! मग खालची ओळ वाचली. ही सवलत 1 फेब्रुवारीपासून पुढे मुदत संपलेल्यांसाठी होती.

1 फेब्रुवारी. रथसप्तमी. माझं संपलं होतं 13 जानेवारीला. एकोणीस दिवसांनी हुकलं!

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. एकोणीस दिवसांनी काय फरक पडतो? पण थोड्या वेळानं कळलं, ही सवलत होती कार्यालय बंद असल्यामुळे ज्यांना जमणारच नव्हतं त्यांच्यासाठी. मला तर जमत होतं. कार्यालय उघडं होतं, पोर्टल सुरू होतं, बंद होते ते माझे डोळे. त्या दिवशी मी गाडीची किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली. चालवायची नाही. दुकान पाच मिनिटांवर होतं, पिशवी घेऊन चालत जात होते. वाटलं, झालं प्रायश्चित्त. थोडी गैरसोय, तेवढंच.

तेवढंच नव्हतं.

मे महिन्यातली रात्र. साधारण दीड वाजला असेल. दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, मास्कसुद्धा उलटा लावलेला. “बाळ, हिला दम लागलाय. श्वासच घेता येत नाहीये. गाडी काढतेस का?”

मी खाली धावले. आजी पलंगावर बसून, पुढे वाकून श्वास ओढत होत्या. ओठ निळसर दिसत होते. रुग्णवाहिकेला फोन लावला, यायला बराच वेळ लागेल असं कळलं. माझी गाडी पार्किंगमध्ये उभी. टाकीत पेट्रोल. वीस वर्षांचा हात. आणि माझे पाय जिन्यात थबकले.

डोक्यात काय काय चाललं होतं ते सांगते, कारण तेच महत्त्वाचं आहे. नाक्यावर पोलीस थांबवतील. लायसन्स मागतील. वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. मागे आजी असताना काही झालं तर? दुसरं मन ओरडत होतं, अगं, माणूस जातंय, कसलं कार्ड घेऊन बसलीस!

शेवटी मी चौथ्या मजल्यावर पळाले. तिथे एक मुलगा राहतो, तेव्हा तेवीस वर्षांचा. वर्षापूर्वीच त्यानं लायसन्स काढलं होतं, पण घरात गाडी नाही, बाईकवरच फिरायचा. डोळे चोळत बाहेर आला. “ताई, माझ्याकडे लायसन्स आहे, पण कार मी टेस्टनंतर चालवलीच नाहीये हो.” म्हटलं, तू बस स्टेअरिंगवर, मी शेजारी बसते.

अशी आमची वरात निघाली. ज्याच्याकडे परवाना त्याला सराव नाही, जिला सराव तिच्याकडे परवाना नाही. मी शेजारी बसून सांगत होते, “क्लच हळू सोड. दुसरा टाक. आता ब्रेक.” रस्ते रिकामे होते म्हणून बरं. नाक्यावर पोलिसांनी लायसन्स बघितलं, मागे नजर टाकली आणि हातानंच ‘पुढे जा’ म्हणाले. मागच्या सीटवर आजोबा आजींच्या पाठीवरून हात फिरवत नाव घेत होते.

आजी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं होतं, वेळेत आणलंत. पाच दिवसांनी घरी आल्या. आजही भेटल्या की माझ्या डोक्यावर हात ठेवतात. आणि प्रत्येक वेळी मला ती बारा मिनिटं आठवतात. आजोबांची थाप पडल्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंत बारा मिनिटं गेली होती. नंतर फोनमधल्या वेळा जुळवून बघितल्या मी.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतले बरेच म्हणाले, ‘सरळ चालवायची होतीस. जीव मोठा की कायदा?’ असेलही त्यांचं बरोबर. तो चौथ्या मजल्यावरचा मुलगा घरी नसता तर मी चालवलीच असती, आणि जो दंड होईल तो भरला असता. पण मला वेगळंच टोचत होतं. रात्री दीड वाजता, जिन्यात, हा प्रश्न पडायलाच नको होता. त्याचं उत्तर मला जानेवारीत, दिवसाढवळ्या, अर्ध्या तासात देता आलं असतं. तेव्हा मी म्हणत होते, देवाचं काम आहे हातात. आणि देव खरंच दारात आला, ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या रूपात, तेव्हा मी तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी झोप नव्हतीच. महाभारताचं द्रोणपर्व काढून बसले. चौदाव्या दिवसाची कथा तुम्हाला माहीत असेल. आदल्या दिवशी अभिमन्यू पडला. अर्जुनानं प्रतिज्ञा केली की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. म्हणजे अगदी आपल्या भाषेत डेडलाइन. आणि ती चुकली तर पुढची तारीख नाही!

त्या दिवशी एक प्रसंग घडतो. कथेच्या घाईत आपण तो सोडून देतो. जयद्रथ अजून लांब आहे, सूर्य कलायला लागलाय, आणि रथाचे घोडे थकलेत. बाण लागलेत, तहानलेत. आपण काय केलं असतं? ‘चल, चल, आज काहीही करून पोचायचंय, घोड्यांचं उद्या बघू!’ पण इथे रथ थांबतो. भर रणांगणात अर्जुन खाली उतरतो आणि पायी उभा राहून शत्रूला थोपवून धरतो. अस्त्रानं जमिनीतून पाणी काढतो, बाणांचा आडोसा उभा करतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडतात. त्यांच्या अंगातले बाण स्वतः काढतात, हातानं त्यांचं अंग चोळतात, पाणी पाजतात, विसावा देतात. मग पुन्हा जुंपतात. सगळं सैन्य बघत राहतं.

विचार करा. ज्याच्या मुखातून गीता आली, तो युद्धाच्या सगळ्यात मोठ्या दिवशी घोड्यांना खरारा करतोय. ‘मी एवढा मोठा, मी कशाला’ असं नाही. ‘आज वेळ कुठाय’ असंही नाही. सारथ्याचं नियत कर्म घोडे नीट ठेवणं, म्हणून तो ते करतोय. आणि सूर्यास्ताआधी जयद्रथापर्यंत जे पोचले ते त्याच घोड्यांच्या जिवावर.

त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे. आदल्या रात्री श्रीकृष्ण आपल्या स्वतःच्या सारथ्याला, दारुकाला, सांगून ठेवतात की माझा रथ आयुधांसह तयार ठेव, शंखाचा आवाज ऐकलास की ये. सर्व जाणणारा, सर्व करू शकणारा तो, आणि तोसुद्धा तयारी आदल्या रात्री करून ठेवतो. आणि मी? मी म्हणत होते, होईल कधीही.

ते वाचताना मला तिसऱ्या अध्यायातलं नियत कर्म कळलं. देखभालीचं काम हे देवाच्या कामाच्या आड येत नाही, ते देवाच्या कामाचाच भाग असतं. हळदीकुंकू, पाठांतर, भजन यात काहीच चूक नव्हती. चूक एवढीच होती की मी त्यांना ढाल केलं. आवडीचं काम पुढे धरून नावडतं टाळलं, आणि त्या टाळण्याला भक्तीचं नाव दिलं. आपला आळस कधीकधी टिळा लावून येतो, मंडळी. त्याला ओळखणं फार कठीण.

पुढची हकीकत थोडक्यात. जूनमध्ये कामकाज मर्यादित संख्येनं सुरू झालं तसा मी ऑनलाइन अर्ज भरला. ज्या सरकारी पोर्टलवर तो भरायचा त्याचं नाव काय, माहितीये? ‘सारथी’! लॉगिन करताना डोळ्यांत पाणीच आलं. रोज एवढ्याच लोकांना बोलवायचं असल्यामुळे स्लॉट पटापट भरायचे. रोज सकाळी पूजा झाली की एकदा बघायचं, असा नेम केला. जुलैची तारीख मिळाली, तर महिन्याच्या मध्यात पुण्यात पुन्हा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला आणि ती गेली. चिडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी चिडले. पुन्हा नेम सुरू. ऑगस्टमध्ये काम झालं. मुदत संपून वर्ष झालं नव्हतं म्हणून पुन्हा टेस्ट द्यावी लागली नाही. मास्क लावून, आखलेल्या गोलात उभं राहून फोटो दिला, सही दिली. काही दिवसांनी पोस्टानं कार्ड आलं.

नव्या कार्डाची मुदत दहा वर्षांची. तिशी ओलांडली की दहाच मिळतात, पंचावन्ननंतर तर पाच. तरुणपणी वीस वर्षं, मग दहा, मग पाच. वय वाढतं तसं सरकार लवकर लवकर विचारतं, ‘अजून नीट दिसतंय ना? हातपाय नीट चालतात ना?’ मला हे छान वाटलं. आपणही स्वतःला असंच विचारायला हवं, नाही का? माझी श्रद्धा अजून चालू आहे, की कॉलेजात असताना मिळालेल्या जुन्या कार्डावरच मी फिरतेय?

ती पाच महिन्यांची पायपीटही वाया गेली नाही. मला कुणाकडे मदत मागायची सवय नव्हती. ‘मी नेते, मी आणते, मी सोडते’ हा माझा खाक्या. त्या महिन्यांत चौथ्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी गाडी शिकवली, आणि तोच आमच्या इमारतीतल्या सगळ्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेत होता. सारथी बदलला, रथ थांबला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या एका मैत्रिणीचं लायसन्स मार्च 2020 मध्ये संपलं. तिला ती सवलत मिळाली. आधी 30 जून, मग 30 सप्टेंबर, मग 31 डिसेंबर, पुढे 2021 मध्येही मुदत वाढत गेली. दर वेळी ती म्हणायची, ‘वाढेल गं पुन्हा.’ आणि एक दिवस वाढली नाही. मग तिचीही धावपळ! माझ्यावर कृपा झाली नाही म्हणून मी रडत होते, तिच्यावर झाली तर ती झोपून गेली. दोघी एकाच वर्गातल्या. मुदतवाढ म्हणजे नूतनीकरण नव्हे. ते करायला मिळालेला वेळ असतो तो. रोज सकाळी डोळे उघडतात ना आपले, ती पण मुदतवाढच आहे. तिचं काय करतोय आपण?

आजचा संकल्प

एक. हे वाचून झालं की उठा आणि लायसन्सवरची तारीख बघा. मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये असेल तर तिथे बघा. फोनमध्ये कार्ड दिसतंय म्हणजे ते चालू आहे असं नाही! आईबाबांचंही बघा. त्यांची मुदत आपल्यापेक्षा लवकर संपते, आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो.

दोन. संपत आलं असेल तर आधीच अर्ज करा, आणि तो सरकारी ‘सारथी’ पोर्टलवरच. आता आधार पडताळणी करून घरबसल्या नूतनीकरणाची सोयही आहे. कुठली कागदपत्रं लागतील ते तिथेच बघून घ्या. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते, हे लक्षात असू द्या. आणि संपलेलंच असेल तर नवीन होईपर्यंत किल्ली देवासमोर ठेवा. कुणालातरी ‘मला सोडशील का?’ असं विचारा. त्यातही साधना आहे.

तीन. लायसन्स ठीक असेल तर तुमचे ‘घोडे’ कोणते ते शोधा. राहिलेली रक्ततपासणी, आईला करायचा फोन, कुणाचे परत द्यायचे पैसे. एकच निवडा. आजच्या आज त्याला पाणी पाजा आणि ते काम कृष्णाला अर्पण करा. फुलं वाहतो ना, तितक्याच प्रेमानं.

नाम घेत राहूच, मंडळी. पण रात्री दीड वाजता दारावर थाप पडेल तेव्हा आपली गाडी, आपलं कार्ड आणि आपलं मन तिन्ही तयार असू दे, एवढंच आज मागू या.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक. तोवर तारीख बघितलीत का, मला नक्की कळवा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥